थट्टा पुस्तकाची, की ते वाचणारीची?

ताई,
आम्ही काही मैत्रिणी दर महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर गप्पा मारतो. सध्या आम्ही मुद्दाम ऑनलाइन गाजलेलीच पुस्तकं घेतोय, कारण त्यांच्यावर हसायला भरपूर मिळतं. नायकाचे आवळलेले जबडे, नायिकेचे सुस्कारे, पहाटे उठून यशस्वी होण्याचे मंत्र! भेट झाली की मी ग्रुपवर विनोदी आढावा टाकते. तो पुढे पुष्कळ फिरतो, अनोळखी लोकही कौतुक करतात. गेल्या महिन्यात एका प्रेमकादंबरीवर आम्ही पोट धरधरून हसलो. आढाव्याच्या शेवटी मी लिहिलं, ‘हे वाचून ज्यांना रडू येतं, त्यांना खऱ्या आयुष्यात कुणी विचारत नसावं.’ दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मैत्रिणीचा मेसेज आला: ‘मी रडले होते. माझ्या सगळ्यात वाईट दिवसांत तेच पुस्तक उशाशी होतं.’ मग ती ग्रुप सोडून गेली. बाकीच्या म्हणतात, एवढं काय मनाला लावून घ्यायचं! खरं सांगू का, मी ते पुस्तक निम्मंच वाचलं होतं, पुढचं रील्स बघून भागवलं. ही थट्टा आता बंद करू का? आणि तो आढावा काढून टाकू का?
– हसरी, पण अस्वस्थ

प्रिय हसरी,

थट्टा मुळीच बंद करू नका. तुमचं मन राखायला म्हणून हे सांगत नाहीये. गाजलेल्या पुस्तकावर मनसोक्त हसणं हा वाचनातला फार जुना आणि फार चांगला आनंद आहे, आणि आवळलेल्या जबड्यांवर तुमची नजर गेली त्यावरून तुम्हाला ते जमतंही. घोटाळा एका वाक्यात झालाय. आढाव्यात तुम्ही कितीतरी लिहिलं असेल, पण मला जसंच्या तसं उतरवून पाठवलंत ते तेवढं एकच वाक्य. म्हणजे कुठे खुपतंय हे तुम्हाला आधीच कळलेलं आहे. त्याच्या आधीचं सगळं पुस्तकाबद्दल होतं. ते वाक्य मात्र तुमच्या मैत्रिणीबद्दल होतं, फक्त ती समोर बसलीय हे तुम्हाला माहीत नव्हतं.

उदाहरण घेऊन बोलू. समजा, एका प्रेमकादंबरीत असं वाक्य आहे (मी रचलंय, पण या जातीची वाक्यं तुम्ही ढिगाने वाचली असतील): ‘त्याच्या राखाडी डोळ्यांत वादळ घोंगावत होतं, आणि नकळत रोखून धरलेला श्वास तिने हळूच सोडला.’ यावर एकजण म्हणते, ‘असलं वाचणाऱ्यांची कीव येते.’ दुसरी म्हणते, ‘हे वादळ बाराव्या पानावर येतं, एकोणिसाव्या पानावर येतं, पुन्हा सव्विसाव्या पानावर येतं, आणि दर वेळी हिचा श्वास रोखलेलाच. अगं बाई, मधल्या पानांत तू श्वास घेतेस तरी कधी?’

पहिलीला पुस्तक उघडावंही लागलेलं नाही. तिचं वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला चिकटवा, फरक पडणार नाही. दुसरीने पानं उलटलीत, लेखिकेची लकब पकडलीय, तिला हसता हसता पान क्रमांक आठवतोय. आणि गंमत म्हणजे त्या कादंबरीवर जीव टाकणारी वाचक दुसरीच्या विनोदावर सगळ्यात मोठ्याने हसेल, कारण ते वादळ तिनेही मोजलेलं असतं. मी तरी थट्टेची हीच परीक्षा लावते: ज्याला ते पुस्तक आवडलंय तो यावर हसेल का? हसणार असेल तर बेधडक लिहा, कितीही तिखट असू दे.

तुमच्या मैत्रिणींना हा उगाचचा सोवळेपणा वाटेल. त्यांना सांगा, थट्टेच्या इतिहासातले उस्ताद नेमकं हेच करत आले आहेत. १७७४ साली जर्मन लेखक गटे यांची वेर्थर नावाच्या तरुणावरची कादंबरी आली आणि तिने युरोपात जो धुमाकूळ घातला तो आजच्या कुठल्याही व्हायरल पुस्तकाला लाजवील. प्रेमभंगाने स्वतःवर गोळी झाडून घेणारा हा नायक. तरुण मुलं त्याच्यासारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून फिरू लागली, लाइपझिगमध्ये तर त्या वेषावरही बंदी आली. लगेच १७७५ साली फ्रीडरिख निकोलाय यांनी तिचं विडंबन लिहिलं. त्यांनी रडणाऱ्या पोरांना नावं ठेवत वेळ घालवला नाही. थेट कथेचा शेवट हातात घेतला: पिस्तुलात कोंबडीचं रक्त भरलेलं असतं, वेर्थर रक्ताने माखतो पण मरत नाही, आणि पुढे ज्या लोटेसाठी तो झुरत असतो तिच्याशीच त्याचं लग्न होतं! गटे चिडले. पण बघा, हा विनोद कळायला मूळ कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली असावी लागते. रील बघून तो ना लिहिता येतो, ना समजतो.

माझी सगळ्यात लाडकी थट्टा इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन यांची आहे. त्यांच्या तरुणपणी भुताटकीच्या वाड्यांच्या, तळघरांच्या, गूढ सांगाड्यांच्या कादंबऱ्यांनी सगळ्यांना वेड लावलं होतं. ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’मधली कॅथरीन अशीच कादंबऱ्यांत बुडालेली मुलगी. ती एका जुन्या घरी पाहुणी म्हणून जाते. बाहेर वादळ, खोलीत काळं कपाट. ती धडधडत्या छातीने ते उघडते, आतल्या कप्प्यातून कागदांची गुंडाळी निघते, आणि नेमकी तेव्हाच मेणबत्ती विझते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उजेडात बघते तर कागदावर धुवायला दिलेल्या सदऱ्यांचा आणि मोज्यांचा हिशेब! दोनशे वर्षं झाली तरी हा प्रसंग वाचताना हसू येतं. आणि त्याच कादंबरीत, पाचव्या प्रकरणात, ऑस्टिनबाई थांबून कादंबऱ्यांची आणि त्या वाचणाऱ्यांची कडक बाजू घेतात. कादंबरीला तुच्छ लेखणाऱ्या लेखकांना त्या खडे बोल सुनावतात. कॅथरीनवर त्या हसतात, पण तिला वाचनातून मिळणारा थरार त्यांना स्वतःला पक्का ठाऊक आहे. म्हणून तिला त्या कधी मूर्ख ठरवत नाहीत, आणि आपल्यालाही ती पहिल्यापासून आवडते.

आपल्या भाषेत केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, १९२५ साली ‘झेंडूची फुले’मध्ये त्या काळच्या कवींची अशीच फिरकी घेतली. कवींची वृत्तं, त्यांची शब्दकळा, त्यांचे लाडिक उसासे हे सगळं इतकं अचूक पकडायचं तर आधी त्या कविता भरपूर वाचलेल्या असाव्या लागतात.

आता व्हायरल होण्याबद्दल थोडं, कारण तुमच्या हसण्यातला मोठा वाटा मला वाटतं पुस्तकाचा नसून गाजावाजाचा आहे. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत कादंबरी दाखवता येत नाही. कथा सांगावी तर रहस्य फुटतं, भाषा वाचून दाखवावी तर वेळ पुरत नाही. दाखवता येतो तो चेहरा: वाचण्याआधीचा हसरा आणि नंतरचा रडका, किंवा पुस्तक भिंतीवर भिरकावणारा हात. मग त्या रडण्यालाच लोक लाइक देतात, ते आणखी लोकांपर्यंत पोचतं, आणि पुस्तक आपल्या हाती येतं तेव्हा कपाळावर शिक्का घेऊन येतं की ‘तुम्ही कोलमडून पडाल’. बिचाऱ्या लेखिकेने असं वचन कधी दिलेलंच नसतं. आपण मात्र पन्नासाव्या पानापर्यंत कोलमडलो नाही म्हणून तिच्यावर चिडतो. तर या गाजावाज्यावर जरूर हसा. तिथे हसण्यासारखं अमाप आहे, आणि त्यात कुणाच्या उशाशी असलेलं काही दुखावलं जात नाही.

शिवाय काय गाजेल याचा नेम नसतो, हा प्रकारच मोठा मजेदार आहे. ‘दिस इज हाउ यू लूज द टाइम वॉर’ ही २०१९ सालची छोटी विज्ञान-कादंबरी. मे २०२३ मध्ये एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या भक्ताने, अत्यंत वात्रट टोपणनावाच्या खात्यावरून, काहीही न शोधता आधी हे वाचा असं कळकळीने लिहिलं, आणि पुस्तक अ‍ॅमेझॉनच्या विक्रीत पहिल्या दहात जाऊन बसलं. ‘केन्स जॉबोन’ तर १९३४ सालचं कोडं आहे: खुनाची कथा, शंभर पानं, आणि पानं मुद्दाम चुकीच्या क्रमाने छापलेली. २०२१ मध्ये एका तरुणीने ती पानं खोलीच्या भिंतीवर चिकटवून व्हिडिओ केला आणि प्रती संपल्या. दस्तयेवस्की यांची १८४८ सालची ‘व्हाइट नाइट्स’ २०२४ मध्ये तरुण मुलांच्या हाती दिसू लागली. तेव्हा ‘व्हायरल’ म्हटल्यावर पुस्तक हलकंच असणार असं गृहीत धरू नका. तुमच्या यादीत यातलं एखादं घ्या, हसण्याची जात एकदम बदलेल.

ठरलेल्या साच्यांबद्दलही एक सांगायचंय. दोन वैरी प्रवासात अडकतात, मुक्कामाला एकच खोली मिळते आणि खोलीत एकच पलंग. ‘किती घिसंपिटं!’ म्हणून आपण हसतो. पण या कादंबऱ्यांचे वाचक तो पलंग नावाने शोधत येतात. पुस्तकाच्या जाहिरातीतच साच्यांची यादी दिलेली असते: आधी वैर मग प्रेम, खोटं लग्न, एकच पलंग. वाचणारीला शेवट माहीत असतो. तिला बघायचं असतं ते या लेखिकेने त्या पलंगाचं काय केलं. हे लक्षात आलं की ‘साचेबद्ध आहे’ हा विनोद बोथट वाटायला लागतो, आणि जास्त चांगले विनोद सुचतात. नायक तेवीस वर्षांचा आणि त्याच्या मालकीच्या कंपन्या चार, मग हा दिवसभर नायिकेच्या खिडकीखाली उभा राहतो तेव्हा कचेरीत सह्या कोण करतं? तलवारीने ड्रॅगन मारणारी नायिका ‘मी अगदी सामान्य आहे’ असं दर प्रकरणाला का सांगते? आणि यशाच्या पुस्तकांत ती एका पानात मावणारी कल्पना, जिची चौकटी, आकृत्या आणि पहाटे उठणाऱ्या यशस्वी माणसांच्या गोष्टी घालून अडीचशे पानं केलेली असतात! हे सगळं पानांवर आहे. ते उचला.

काही पुस्तकांवर तर मी म्हणेन जास्तच कडक हसा. मारहाण करणाऱ्याला ‘पण त्याचं किती प्रेम आहे’ म्हणून गोंजारणारी कादंबरी असो, की फक्त चांगले विचार करून आजार पळवणारं पुस्तक असो, तिथे मऊपणा दाखवायची गरज नाही. पण तिथेही नेम पानावरच ठेवा. कारण अशा पुस्तकांचे सगळ्यात सजग टीकाकार बहुतेक वेळा त्यांच्या वाचकांतच असतात. कॉलीन हूवर यांची ‘इट एंड्स विथ अस’ ही घरातल्या हिंसेवरची कादंबरी २०१६ ची. ती पुढे ऑनलाइन प्रचंड गाजली. जानेवारी २०२३ मध्ये तिच्यावर आधारित रंग भरायची वही येणार म्हणून जाहीर झालं. वाचकांनी लगेच विचारलं, या विषयात रंग कसले भरायचे? वही मागे घेतली गेली. रील बघून रडणाऱ्यांना अक्कल नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आता तुमच्या निम्म्या वाचनाबद्दल. पुस्तक अर्धवट सोडायचा हक्क प्रत्येकाला आहे, कंटाळा आला तर खुशाल सोडा. पण मग आढावाही तेवढ्याचाच लिहा: ‘मी एकशे दहाव्या पानावर थांबले, तिथवरचं सांगते.’ याने विनोद कमी होत नाही. उलट कुठल्या वाक्यावर पुस्तक मिटलंत हे सांगितलंत तर तेच सगळ्यात विनोदी ठरेल. न वाचता दिलेला निकाल किती लांब जाऊ शकतो ते २०२३ मध्ये दिसलं. एलिझाबेथ गिल्बर्ट यांची नवी कादंबरी रशियात घडते एवढं कळताच, वाचक जिथे पुस्तकांना तारे देतात त्या गुडरीड्स या वेबसाइटवर एक-एक ताऱ्याचा सडा पडला आणि त्यांनी तिचं प्रकाशन थांबवलं. रशियाने युक्रेनवर लादलेल्या युद्धाने पोळलेल्या लोकांचा राग खरा होता, तो मी नाकारत नाही. पण तारे दिले जात होते ते अजून प्रसिद्धच न झालेल्या पुस्तकाला.

धाकट्या मैत्रिणीकडे वळू, मला तिची जास्त काळजी आहे. तुमच्या बाकीच्या मैत्रिणी म्हणतात ते तिला चुकूनही कळवू नका. ‘गंमत होती गं’ हेही नको. त्यातून तिला एवढंच ऐकू येईल की दुखलं ही तिचीच चूक. मेसेजवर लांबलचक माफीनामा पाठवू नका, त्याला उत्तर देण्याचं ओझं पुन्हा तिच्यावरच पडतं. फोन करा, जमलं तर भेटा, आणि दोनच गोष्टी सांगा: ते शेवटचं वाक्य चुकीचं होतं, आणि पुस्तक मी पूर्ण वाचलेलंही नव्हतं. दुसरी गोष्ट सांगायला जड जाईल, पण ती ऐकून मैत्रिणीला बरं वाटेल. एवढे दिवस तिला वाटत असणार की हुशार बायकांनी पुस्तक नीट वाचून, पारखून हा निकाल दिला.

मग तिला विचारा, कुठल्या पानावर रडू आलं? पण ते वाईट दिवस काय होते हे विचारू नका. सांगायचं असेल तर ती सांगेल. पानाबद्दल विचारलंत तर ती वाचक म्हणून बोलू लागेल, आणि तेच तिच्याकडून काढून घेतलं गेलंय. मग ते पान तुम्ही वाचा. कदाचित तुम्हाला तिथे काहीच वाटणार नाही, आणि तसं प्रामाणिकपणे म्हणायलाही हरकत नाही. कष्टाच्या दिवसांत माणसाला पुष्कळदा सोपी वाक्यं लागतात, एका दमात संपणारी प्रकरणं लागतात, शेवट गोड होणार याची खात्री लागते. उंची गद्य तेव्हा डोळ्यांपुढून नुसतं सरकत जातं. एखाद्या पुस्तकाने कुणाला रात्र काढायला मदत केली असेल तर ते त्या पुस्तकाचं मोठं काम आहे, त्यातले उसासे कितीही मोजलेले असोत. आणि हे काम मान्य करूनही तुम्ही त्या उसाशांवर हसू शकता. दोन्ही एकाच आढाव्यात मावतं.

गटासाठी एकच बदल सुचवते. दर भेटीत एकीने पुस्तकाची बाजू मांडायची, अगदी इमानेइतबारे, आणि ती सगळ्यात आधी बोलणार. आवडलं नसलं तरी त्यात काय जमलंय ते तिने शोधून आणायचं. मग बाकीच्यांनी तुटून पडावं. पाळी फिरती ठेवा, म्हणजे सगळ्यांत जास्त खवचट मैत्रिणीवरही ती येईल. बाजू घेण्यासाठी वाचताना लोक किती बारकाईने वाचतात हे बघून तुम्ही थक्क व्हाल. धाकटी परत आली तर पहिल्याच दिवशी ही पाळी तिच्यावर टाकू नका. तिला नुसतं बसू द्या, हसू द्या.

राहिला आढावा. पूर्ण काढू नका. तो पुढे फिरलेला आहे, इथून पुसल्याने बाहेरचा पुसला जाणार नाही, आणि त्यातले जबड्यांवरचे विनोद चांगले असणार याची मला खात्री आहे. फक्त शेवटचं वाक्य काढा, आणि काढलंय हे ग्रुपवर एका ओळीत लिहा. तो अनोळखी लोकांत जातो तेव्हा तुमचा चेहरा, तुमचा सूर सोबत जात नाही, नुसते शब्द जातात. म्हणून यापुढे पाठवण्याआधी शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचायची सवय लावा. टाळी घ्यायच्या नादात हात सुटतो तो बहुधा तिथेच. आणि त्या पुस्तकाचं उरलेलं निम्मं या आठवड्यात वाचून काढा. आढाव्याचा दुसरा भाग लिहिलात तर मलाही पाठवा.

– तुमची ताई